मॉडेल रॉकेटचा तुटका भाग घरीच करायचा, पण कशाचा? कागद, बाल्सा आणि प्रिंटर

रॉकेट हरवलं तर प्रश्नच मिटतो. ते अर्धमुर्धं परत आलं की खरी पंचाईत. नळी ठणठणीत, पॅराशूट शाबूत आणि तीनपैकी एक पंख मुळापासून निघालेला. किंवा सगळं जागच्या जागी, फक्त नोज कोन, म्हणजे पुढचं निमुळतं नाक, कुठल्याशा झुडपात. एका पंखासाठी नवं किट घ्यायला जीव होत नाही, आणि नेमका त्याच मापाचा सुटा भाग मिळेलच याची खात्री नसते.

मग घरी करायचं ठरतं, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो: प्रिंटर घ्यायचा का? मी गेली काही वर्षं पुठ्ठा, बाल्सा (एक अगदी हलकं लाकूड) आणि थ्री-डी प्रिंटर तिन्ही वापरतोय. माझ्या मते या प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोकाला होते. हातात कोणतं यंत्र आहे हे नंतर बघावं. आधी दोन गोष्टी विचाराव्यात. हा भाग रॉकेटच्या नाकाकडे बसतो की शेपटाकडे? आणि पुढच्या वेळी आपटल्यावर हा तुटलेला परवडेल की याच्या शेजारचा? या दोन उत्तरांवर बहुतेक निवड आपोआप होते.

एक गोष्ट मात्र या तुलनेत अजिबात येत नाही, ती म्हणजे मोटर: रॉकेटला वर ढकलणारी आणि शेवटी छोट्या स्फोटाने नाक उघडून पॅराशूट बाहेर काढणारी दारूची नळकांडी. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीची सुरक्षा-संहिता या छंदात सर्वमान्य आहे. तिच्यात स्पष्ट म्हटलंय की मोटर फक्त प्रमाणित, कारखान्यात बनलेली वापरायची आणि तिच्याशी छेडछाड करायची नाही. हा छंदच त्या अटीवर उभा आहे. १९५० च्या दशकात कारखान्यात बनलेली सुरक्षित मोटर सहज मिळू लागली, म्हणून मुलांनी घरी दारू ठासायची गरज संपली. याच संहितेनुसार नाक, नळी आणि पंख हलक्या, धातू नसलेल्या वस्तूंचे हवेत. त्यामुळे पत्र्याचा ‘कायमचा’ पंख करायचा विचार मनात असेल तर तो इथेच सोडून द्या.

आधी माप

बाजारातल्या बहुतेक किटांच्या नळ्या ठरावीक मापांच्या असतात. बीटी म्हणजे बॉडी ट्यूब, रॉकेटची नळी. बीटी-२० चा आतला व्यास १८ मिमी, बाहेरचा १८.७. बीटी-५० आतून २४.१, बाहेरून २४.८. बीटी-६० आतून ४०.५, बाहेरून ४१.६. ही मापं पाठ असली तरी कॅलिपर लावून बघाच. कागदी नळी दमट हवेत फुगते, आणि एक आपटी खाल्लेली नळी क्वचितच पूर्ण गोल राहते. मी एकाच जागी एकमेकांना काटकोनात दोनदा मोजतो आणि लहान माप धरतो.

तुटलेला भाग फेकू नका. अर्धा पंख हातात असला तरी उरलेल्या पंखावर ठेवून आकार काढता येतो. शिवाय जुन्या भागाचं वजन हा या सगळ्या कामातला सगळ्यात उपयोगी आकडा आहे. तो का, ते आता पंखांकडे वळताना कळेल.

पंख: इथे प्रिंटर हरतो

प्रिंटर असलेला माणूस पहिल्यांदा पंखच छापतो. मीही छापले. सुबक आले, कडा गोलसर आल्या, घासायचं कामच नाही. पण हिशेब मांडू.

एका पंखाचं क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर धरा. २.४ मिमी जाडीच्या बाल्साचा पंख केला तर घनफळ ४.८ घन सेंटिमीटर. मध्यम बाल्साची घनता ०.१६ च्या आसपास, म्हणजे वजन जेमतेम ०.८ ग्रॅम. तोच पंख पीएलए प्लॅस्टिकमध्ये १.६ मिमी भरीव छापला तर घनता १.२४ असल्याने तो ४ ग्रॅमचा होतो. तीन पंखांचे अडीच ग्रॅमही नव्हते, ते १२ झाले. वाढ साधारण साडेनऊ ग्रॅमची.

साडेनऊ ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण मोटरसकट ६० ग्रॅमचं रॉकेट घ्या आणि पंख गुरुत्वमध्यापासून २० सेंटिमीटर मागे आहेत असं धरा. नव्या पंखांमुळे गुरुत्वमध्य सुमारे पावणेतीन सेंटिमीटर मागे सरकतो. रॉकेट सरळ उडायला गुरुत्वमध्य हा दाबकेंद्राच्या (हवेचा सगळा दाब जिथे एकवटतो असं मानतात त्या बिंदूच्या) किमान एक नळी-व्यास पुढे हवा, हा रुळलेला नियम. बीटी-५० नळीचा व्यास अडीच सेंटिमीटर. म्हणजे एका व्यासाची जी शिल्लक होती ती तीन पंखांनी खाऊन टाकली. असं रॉकेट रॉडवरून, म्हणजे उडताना त्याला सुरुवातीला सरळ धरणाऱ्या सळईवरून, सुटल्यावर कोणत्या दिशेला तोंड करेल हे सांगता येत नाही.

यावर उपाय आहे, नाकात वजन भरायचं. वरच्याच उदाहरणात नाक गुरुत्वमध्याच्या २५ सेंटिमीटर पुढे असेल तर जवळजवळ ८ ग्रॅम माती तिथे लागते. म्हणजे पंख बदलण्याच्या नादात ६० ग्रॅमचं रॉकेट ७७ चं झालं. मोटर तीच, उंची कमी, आणि पॅराशूटवर उतरताना वेग जास्त. जास्त वेगाने उतरलेलं रॉकेट पुन्हा काय मोडतं? पंख.

दाबकेंद्र काढायची रीत जेम्स बॅरोमन यांनी १९६६ साली मांडली. पूर्वी ती कागदावर करावी लागायची, आता ओपनरॉकेट नावाचं मोफत सॉफ्टवेअर क्षणात करून देतं. पंखाचं साहित्य बदलून बघा, गुरुत्वमध्याची खूण तुमच्यासमोर मागे सरकते. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि ते केल्याशिवाय पंखाचं साहित्य बदलू नये.

आता दुसरा प्रश्न, तुटण्याचा. पंख जमिनीवर आपटला की कुठे ना कुठे काहीतरी सुटणारच. बाल्साचा पंख एक तर तंतूंच्या रेषेत चिरतो, नाहीतर गोंदाच्या सांध्यातून निघतो. दोन्ही दुरुस्त्या अर्ध्या तासाच्या. प्लॅस्टिकचा पंख नीट चिकटवलेला असेल तर तो स्वतः मोडत नाही, नळीचा कागदच सोलून काढतो. पंख बदलणं सोपं, नळी बदलणं म्हणजे जवळजवळ नवं रॉकेट. आपल्याला भक्कम पंख नको आहे, नळीपेक्षा जरासा कमजोर पंख हवा आहे.

म्हणून पंखांसाठी माझी निवड बाल्सा. तंतू पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवा. ही एकच चूक नवशिक्यांच्या निम्म्या पंखांचा जीव घेते. पृष्ठभाग गुळगुळीत हवा असेल तर दोन्ही बाजूंना साधा कागद चिकटवा, ८० जीएसएमचा कागद एका पंखामागे फक्त ०.३ ग्रॅम वाढवतो आणि कडकपणा मात्र चांगलाच देतो. दोन्ही बाजू एकाच वेळी चिकटवून जड पुस्तकाखाली रात्रभर ठेवायच्या, एकेक करून चिकटवल्या तर पंख पापडासारखा वळतो. सांध्यावर आधी पांढऱ्या गोंदाचा पातळ हात दोन्हीकडे देऊन सुकू द्यायचा, मग दुसरा हात देऊन पंख बसवायचा. नुसत्या एका हातापेक्षा ही पकड फार चांगली, आणि पंख हातात धरून बसावं लागत नाही.

बाल्सा नसेल तर? लहान रॉकेटला एक मिलिमीटरचा दाबलेला पुठ्ठा दोन थर चिकटवून चालतो. कडांना पातळ सुपरग्लू पाजला की त्या टणक होतात. खिडकी उघडी ठेवा, तो धूर डोळ्यांना झोंबतो. बासवूड हे लाकूडही चांगलं. त्याची घनता बाल्साच्या अडीचपट, पण १.६ मिमी पुरतं, म्हणजे आपल्या हिशेबातला पंख १.३ ग्रॅमचा होतो. पातळ प्लायवूड मोठ्या मोटरच्या रॉकेटसाठी ठेवा.

प्रिंटरची बाजू मांडायची तर एकच: नळीवर बाहेरून सरकवायची पंखांची अख्खी बांगडी. तीन-चार पंख एकदम, कोन चोख, मोडली तर सगळी बदलायची. मात्र ती उभी छापली जाते आणि थर पंखाच्या मुळाशी आडवे येतात, त्यामुळे पंख थराच्या रेषेत काडकन मोडतो. नाकात पुरेसं वजन असलेलं लांबुडकं रॉकेट असेल तरच मी या वाटेला जातो.

नोज कोन: इथे पारडं फिरतं

नाकाकडचं वजन रॉकेटच्या फायद्याचं असतं. त्यामुळे शेपटाकडे जो दोष होता तो इथे जवळजवळ गुण ठरतो. शिवाय आकडेही जवळ येतात. २४.८ मिमी व्यासाचा, ८ सेंटिमीटर लांबीचा नेहमीच्या निमुळत्या वळणाचा नोज कोन घ्या. त्याचं घनफळ साधारण २० घन सेंटिमीटर. भरीव बाल्साचा केला तर सव्वातीन ग्रॅमच्या आसपास. ०.८ मिमीच्या भिंतीचा पोकळ छापला तर ४ ग्रॅमच्या आसपास, खांदा (नळीच्या आत शिरणारा भाग) वेगळा. फरक पाऊण ग्रॅमचा, तोही योग्य टोकाला. (चुकून भरीव छापला तर तोच कोन २५ ग्रॅमचा होतो. छपाईआधी भरावाचा, म्हणजे आत किती टक्के प्लॅस्टिक भरायचं तो, आकडा बघत जा.)

कामाच्या दृष्टीनेही प्रिंटर इथे शोभतो. गोल, सममित आकार कापून घासून करणं सगळ्यात कठीण आणि छापणं सगळ्यात सोपं. खांदा नळीच्या आतल्या व्यासापेक्षा ०.२ ते ०.३ मिमी कमी ठेवा. पहिला थर खाली पसरतो, त्यामुळे तळाची कड पॉलिश पेपरने हलकेच मोडावी लागते. नाक आणि नळी जोडणारी दोरी बांधायची कडी खांद्याच्या तळाशी छापायची असेल तर ती जाड ठेवा. सगळा झटका तिच्यावर येतो आणि ती तुटली की नाक एकीकडे, नळी दुसरीकडे.

प्लॅस्टिक कोणतं? पीएलए ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत तेवढं तापमान काचेजवळ सहज होतं. माझा एक काळा नोज कोन असाच बसल्या जागी वाकला, उडायच्या आधीच. पीईटीजी ८० अंशांपर्यंत तग धरतं, जरा लवचीकही असतं, म्हणून आपटल्यावर तडकत नाही. मी आता नाकासाठी तेच वापरतो. द्रवरूप रेझिनचे प्रिंटर नाजूक नक्षी अप्रतिम देतात, पण त्यांच्या साध्या रेझिनचा भाग ठिसूळ असतो. प्रतिकृती-रॉकेटच्या छोट्या दिखाऊ भागांपुरता तो ठीक. न वाळलेलं रेझिन उघड्या हाताने धरू नका.

प्रिंटर नसेल तर रडायचं कारण नाही. बाल्साचा ठोकळा, त्यात मधोमध चिकटवलेली लाकडी काडी, ती काडी हँड ड्रिलमध्ये अडकवायची आणि फिरत्या ठोकळ्याला पॉलिश पेपर लावायचा. हवा तो बाह्याकार पुठ्ठ्यात कापून ठेवायचा आणि मधूनमधून लावून बघायचा. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. बाल्साची धूळ फार बारीक असते आणि ती घरभर होते, हे घरच्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. पहिला कोन हमखास चुकतो. तिसरा चांगला येतो. मला स्वतःला हे काम छपाईपेक्षा आवडतं, पण ते आवडीचं बोलणं झालं, सल्ला नव्हे. घाई असेल आणि प्रिंटर असेल तर छापा.

तिसरी वाट सरळ सुळक्याची, कार्डशीटची. टोकदार सरळ शंकू चालणार असेल तर यापेक्षा झटपट काही नाही. बीटी-६० साठी १२ सेंटिमीटर उंच शंकू हवा: त्रिज्या २०.८ मिमी, तिरकी उंची १२१.८ मिमी. त्रिज्येला तिरक्या उंचीने भागून ३६० ने गुणा, कोन येतो ६१.५ अंश. १२१.८ मिमी त्रिज्येच्या वर्तुळातून तेवढी पाकळी कापायची, चिकटवायला एक पट्टी जादा ठेवायची, गुंडाळायची. टोकात सुपरग्लूचे दोन-तीन थेंब. खांदा म्हणून नळीच्या आत घट्ट बसणारा कागदी जोडतुकडा. आवाजाच्या वेगापेक्षा पुष्कळ कमी वेगाने उडणाऱ्या या रॉकेटांत नाक टोकदार की गोलसर याने फार बिघडत नाही, पृष्ठभागाचा खडबडीतपणा जास्त नडतो.

कशाचाही करा, बसवण्याची कसोटी एकच. नोज कोन धरून रॉकेट उचलायचं. नळी लटकून राहिली पाहिजे, हलका झटका दिला की निघाली पाहिजे. सैल असेल तर खांद्यावर मास्किंग टेपचा एक वेढा. घट्ट असेल तर घासा, कारण घट्ट नाक म्हणजे न उघडलेलं पॅराशूट.

मोटरभोवतीच्या रिंगा

मोटरची नळी मोठ्या नळीत मधोमध धरणाऱ्या या रिंगा. शेपटाकडचा भाग आहे, पण वजन इतकं थोडं की तो मुद्दा गौण. इथे खरं भांडण उष्णतेशी आणि कापण्याच्या कटकटीशी.

१८ मिमी मोटर बीटी-५० मध्ये बसवायची तर रिंगची रुंदी फक्त २.७ मिमी. असली बारीक रिंग कापत बसू नका. ०.३ मिमी जाडीच्या कागदाची पट्टी मोटरच्या नळीवर गोंद लावत गुंडाळा. नऊ वेढ्यांत फट भरते, पट्टी साधारण ६० सेंटिमीटर लागते. मापाला नेमकी, हलकी, आणि कागदच असल्यामुळे नळीला घट्ट धरते. या बाबतीत प्रिंटरचं काही चालत नाही.

रुंद रिंग हवी असेल, उदाहरणार्थ २४ मिमी मोटर बीटी-६० मध्ये, तर ती जवळपास ८ मिमी रुंद होते. पुठ्ठ्याचे दोन-तीन थर चिकटवून कटर लावलेल्या कंपासने कापता येते. आधी बाहेरचं वर्तुळ, मग आतलं. उलट केलं तर कंपासचं टोक टेकवायला मध्यबिंदूच उरत नाही. छापलेली रिंगही चालते, मात्र मोटर आणि रिंग यांच्यामध्ये कागदी नळी हवीच. मोटर जळून संपल्यावरही तिचं कवच तापत राहतं आणि थेट टेकलेलं पीएलए त्याला जुमानत नाही.

किरकोळ भाग

लाँच लग, म्हणजे रॉडवरून सरकणारी बारीक नळी. ३.२ मिमीच्या रॉडसाठी पेयाची नळी कापून चिकटवा, किंवा रॉडवरच मेणकागद आणि त्यावर गोंद लावलेला कागद तीन-चार वेढे गुंडाळा. छापू नका, इतकी पातळ नळी थरांतून तुटते.

मोटर हुक, म्हणजे मोटरला जागेवर अडकवणारी पट्टी, स्प्रिंग-स्टीलचा असतो. साध्या तारेत ती उसळी नसते, दोनदा मोटर बदलली की ती वाकडीच राहते. हा भाग विकत घ्या. तोवर मोटरवर मास्किंग टेप गुंडाळून घट्ट बसवता येते, पण टेप कमी पडली तर पॅराशूट बाहेर पडायच्या क्षणी मोटरच मागून उडते. २४ मिमी आणि त्यावरच्या मोटरसाठी आट्याचं छापील झाकण खरंच चांगलं चालतं. शेपटाकडे प्रिंटरला मी देतो ती एवढीच मोठी जागा.

शॉक कॉर्डसाठी, म्हणजे नाक आणि नळी जोडणाऱ्या दोरीसाठी, नुसतं इलॅस्टिक लावाल तर मोटरजवळचा भाग हळूहळू जळतो. खालचा भाग केव्हलारच्या (उष्णता सोसणाऱ्या चिवट तंतूच्या) दोऱ्याचा, वरचा इलॅस्टिकचा. केव्हलार नळीच्या तोंडाबाहेर येऊ देऊ नका, नाहीतर झटक्याने तो नळी उभी चिरतो. पॅराशूट पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीचं उत्तम होतं. ३० सेंटिमीटर व्यासाचं पॅराशूट ६० ग्रॅमचं रॉकेट सेकंदाला चार-सव्वाचार मीटर वेगाने उतरवतं, तेवढं पुरे.

राहिलं साच्यात ओतणं. वाचलेल्या नोज कोनावरून सिलिकॉनचा साचा करून रेझिन ओततात. सुरेख वाटतं, पण भरीव रेझिन जड, पोकळ ओतायला साचा फिरवत बसायचं. एकाच आकाराचे दहा कोन लागणार असतील, उदाहरणार्थ एखाद्या वर्गासाठी, तरच हा खटाटोप. एकासाठी नाही.

मग प्रिंटर घ्यायचा का?

फक्त रॉकेटच्या दुरुस्तीसाठी असेल तर मी नाही म्हणेन. जे भाग जास्त तुटतात ते शेपटाकडचे, आणि तिथे त्याचा उपयोग कमी. कॅलिपर, दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, चांगला कटर आणि बाल्साच्या दोन जाडीच्या पाट्या एवढ्यावर दहातल्या आठ दुरुस्त्या होतात. घरात प्रिंटर आधीच असेल तर नाकासाठी, रुंद रिंगांसाठी, आणि पंख नेमक्या कोनात धरणाऱ्या साच्यासाठी तो बिनदिक्कत वापरा. तो साचा रॉकेटबरोबर उडत नाही, त्यामुळे कितीही जड असला तरी बिघडत नाही. माझ्या प्रिंटरवरचं सगळ्यात उपयोगी काम तेच आहे.

नवा भाग बसवला की मोटर घालून, नाक लावून, पॅराशूट भरून रॉकेट पूर्ण सज्ज करा. बोटावर तोलून गुरुत्वमध्य शोधा, तिथे दोरी बांधा, टेपने पक्की करा आणि मोकळ्या जागी डोक्यावरून गरगर फिरवा. नाक पुढे राहिलं तर ठीक. शेपूट पुढे आलं किंवा रॉकेट आडवंच फिरत राहिलं तर नाकात चिमूटभर माती आणि पुन्हा फिरवणं. पहिलं उड्डाण सी ऐवजी ए किंवा बी मोटरवर (अक्षर अलीकडचं तेवढी मोटरची ताकद कमी) करा, अर्थात निर्मात्याने त्या मोटरला दिलेल्या कमाल वजनात रॉकेट बसत असेल तर. पंख वाकडा चिकटला असेल तर तो कमी उंचीवरही वाकडेपणा दाखवतोच, आणि तिथून रॉकेट चालत जाऊन आणता येतं.